जुना मजकूर, नवा वाचक : लिनक्स मेल सर्व्हरच्या नूतनीकरणाचे ऐतिहासिक विवेचन

एखाद्या संस्थेचा ईमेल वाहणाऱ्या लिनक्स सर्व्हरवरील ऑपरेटिंग सिस्टीम बदलून तिची पुढील आवृत्ती बसविणे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी इतकी मोठी आहे, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. हे काम बहुधा रात्री होते, काही तासांत आटोपते, आणि यशस्वी झाले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. फसले तर मात्र पत्रे परत जातात किंवा हरवतात. आणि पत्र हरवले हे पाठविणाऱ्यास व ज्यास ते मिळावयाचे त्यास, दोघांसही दीर्घकाळ कळत नाही, असा प्रसंगही संभवतो. ह्या कामाची रीत गेल्या चार दशकांत कशी घडत गेली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात भाषाभ्यासकाच्या दृष्टीने करावयाचा आहे.

भाषाभ्यासकाचा येथे काय संबंध, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर सर्व्हरच्या रचनेतच मिळते. कोणाची पत्रे स्वीकारावीत, कोणाची नाकारावीत, ती कोठे साठवावीत, पलीकडचे यंत्र उत्तर देत नसेल तर किती वेळ वाट पाहावी, ह्या सर्व गोष्टी सर्व्हरची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने एका मजकुरात लिहून ठेवलेल्या असतात. त्यास कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. तिला शब्दसंग्रह आहे, व्याकरण आहे, आणि वाचकही आहे. तो वाचक म्हणजे मेलचा प्रोग्राम. नूतनीकरणाच्या रात्री मजकूर जुनाच राहतो. बदलतो तो वाचक. ह्या भेटीत मजकुराचा अर्थ टिकतो की नाही, हाच सर्व प्रश्न होय. (‘सर्व्हर’ ह्या शब्दाऐवजी ‘सेवक’ म्हणता आले असते, परंतु ज्यांचे हे काम आहे त्यांच्यापैकी कोणी तो शब्द वापरीत नाही. म्हणून रूढ शब्दच ठेवला आहे.)

प्रथम दोन सर्व्हरांमधील संभाषणाकडे पाहू, कारण तेथे हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत चांगल्या रीतीने सुटला. जोनाथन पोस्टेल ह्यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये एसएमटीपी ह्या पत्रवहन-संकेताचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक आज्ञा चार रोमन अक्षरांची होती. संभाषण सुरू करणाऱ्या यंत्राने प्रथम अभिवादन करावयाचे. त्यासाठी इंग्रजी ‘हॅलो’ शब्दातील एक ‘एल’ गाळून ‘हेलो’ असे चार अक्षरांचे रूप सिद्ध केले गेले. पुढे दहा वर्षांत नव्या गरजा निर्माण झाल्या. मोठी पत्रे आली, रोमनेतर लिप्यांतील मजकूर आला. संकेत वाढविणे भाग होते. पण जगभरचे सर्व्हर एका दिवशी बदलणे अशक्य होते. १९९३ साली ह्यावर जो तोडगा निघाला तो असा : त्याच अभिवादनातील पहिली दोन अक्षरे उलटविली आणि ‘एहलो’ हा नवा शब्द केला. नवा सर्व्हर ‘एहलो’ म्हणतो. समोरच्यास तो शब्द कळला, तर तो आपणास अवगत असलेल्या नव्या सोयींची यादी सांगतो. न कळला, तर ‘आज्ञा अपरिचित’ अशा अर्थाचा, ५०० ह्या अंकाने सुरू होणारा निरोप देतो. मग पहिला निमूटपणे ‘हेलो’ म्हणतो आणि जुन्या रीतीने पत्र देतो. २००८ च्या सुधारित संकेतातही सर्व्हरने ‘हेलो’ स्वीकारलेच पाहिजे, असे बंधन कायम आहे.

ह्या व्यवस्थेत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. न कळलेला शब्द न कळला असे मोकळेपणाने सांगण्याची सोय संभाषणात आहे. कॉन्फिगरेशन फाइलच्या बाबतीत ही सोय आपोआप नसते, कारण फाइल हे पत्रासारखे एकतर्फी लेखन आहे. वाचकाला एखादा शब्द कळला नाही, तर त्याने काय करावे? थांबावे, की तो शब्द वगळून पुढे जावे?

वगळून पुढे गेल्यास काय होते, ह्याचे अत्यंत बोलके उदाहरण ट्रे हॅरिस ह्यांनी २००२ साली लिहून प्रसिद्ध केलेल्या एका आठवणीत आहे. हे उदाहरण लिनक्सवरील नसून सन कंपनीच्या सनओएस ह्या भावकीतल्याच प्रणालीवरील आहे. पण दोषाचे स्वरूप प्रणालीवर अवलंबून नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यातील एका विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी तक्रार केली की, आमचे ईमेल ५०० मैलांहून दूर जात नाहीत. तक्रार हास्यास्पद वाटली तरी ती खरी निघाली. न्यूयॉर्कपर्यंत पत्र पोचत होते. प्रॉव्हिडन्सला पोचत नव्हते. कारण असे की, एका सल्लागाराने त्या सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसविली होती आणि तिच्याबरोबर सेंडमेल ह्या मेल प्रोग्रामची पाचवी, म्हणजे जुनी, आवृत्ती परत आली होती. कॉन्फिगरेशन फाइल मात्र आठव्या आवृत्तीची, तशीच राहिली. आठव्या आवृत्तीत माणसांना वाचता यावेत असे लांब, अर्थवाही पर्याय-शब्द लिहिता येत. पाचवीस ते ठाऊक नव्हते. तिने ते निरर्थक समजून वगळले. त्यांतच पलीकडच्या यंत्राची वाट पाहण्याचा कालावधी सांगणारा शब्द होता. तो न उरल्याने कालावधी शून्य धरला गेला. प्रत्यक्षात यंत्राच्या गतीमुळे तो सुमारे तीन सहस्रांश सेकंद भरत होता. तेवढ्या अवधीत प्रकाश ५५८ मैलांहून थोडे अधिक अंतर कापतो. हॅरिस ह्यांनीच पुढे मान्य केल्याप्रमाणे कथेतील काही तपशील सुलभ केलेले आहेत, आणि जाण्यायेण्याचे दुहेरी अंतर धरले तर हिशेब जुळत नाही हा आक्षेपही घेतला गेला आहे. तरीही मुख्य मुद्दा अबाधित राहतो. माणसाच्या सोयीसाठी स्पष्ट केलेले शब्दच जुन्या वाचकाला दुर्बोध झाले. आणि त्या वाचकाने आपले अज्ञान प्रकट केले नाही.

आता प्रश्न असा की, इतका धोका असताना नूतनीकरण करावयाचेच कशाला? चालते आहे ते चालू द्यावे, ही वृत्ती केवळ आळसातून येते असे नाही. तिच्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे. परंतु मेल सर्व्हर हे असे दार आहे की, जे कोणाही अनोळखी माणसाने ठोठावले तरी उघडावेच लागते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस ह्याने सोडलेला जो प्रोग्राम इंटरनेटवरील यंत्रांत पसरला, त्याने शिरकावासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलमधील ‘डीबग’ ही आज्ञा होती. तीस वर्षांनंतर, २०१९ च्या जूनमध्ये, एक्झिम ह्या मेल प्रोग्रामच्या काही आवृत्त्यांत असाच गंभीर दोष उघडकीस आला. दूरच्या माणसास सर्व्हरवर स्वतःची आज्ञा चालविता येत होती, आणि त्याचा गैरवापर लागलीच सुरू झाला. अशा दोषांची दुरुस्ती पुरविण्याचे काम लिनक्सचे वितरण करणाऱ्या संस्था करतात, पण ठराविक मुदतीपर्यंतच. ती मुदत संपली की जुना सर्व्हर चालतो खरा, पण त्याची राखण कोणी करीत नाही. मुदतही नेहमी ठरल्याप्रमाणे राहतेच असे नाही. सेंटओएस लिनक्स ८ ची मुदत २०२९ पर्यंत आहे असे गृहीत धरून अनेकांनी ती बसविली होती. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅट कंपनीने ती ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपेल असे जाहीर केले. ज्यांनी नुकतेच घर बदलले होते त्यांस पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले.

ह्या पार्श्वभूमीवर डेबियन ह्या वितरणाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. इअन मरडॉक ह्यांनी १९९३ साली ते सुरू केले. चालू सर्व्हर न पुसता जागच्या जागी पुढील आवृत्तीवर नेता आला पाहिजे, हा आग्रह तेथे प्रारंभीच्या काळापासून दिसतो. मात्र मधली आवृत्ती ओलांडून उडी मारण्यास मान्यता नाही, एकेक पायरीच चढावी लागते. जुन्या कॉन्फिगरेशन फाइलविषयी डेबियनने घेतलेली भूमिका संहितासंपादकास चांगलीच परिचित वाटेल. फाइलमध्ये माणसाने बदल केले आहेत, आणि नव्या आवृत्तीबरोबर त्याच फाइलची नवी प्रतही आली आहे, असे आढळले तर नूतनीकरण थांबते आणि प्रश्न विचारला जातो : आपली प्रत ठेवावयाची की नवी घ्यावयाची? दोहोंमधील पाठभेद पाहण्याची सोय तेथेच असते. काही न निवडता पुढे गेल्यास जुनी प्रत राहते, आणि नवी प्रत नाव बदलून शेजारी ठेवली जाते. नवी स्वीकारली, तर जुनी टाकून न देता बाजूस ठेवली जाते. संपादकाने कोणतीही पोथी नष्ट करू नये, हा जो नियम आपण मानतो, तोच येथे यंत्राच्या शिस्तीत उतरला आहे. रेड हॅटच्या वितरणांतही दोन्ही प्रती जपल्या जातात. मात्र तेथे माणसास थांबवून विचारण्याची प्रथा नाही.

पण प्रत जपली म्हणजे अर्थ जपला असे नव्हे. एक्झिमचे उदाहरण घेऊ. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल ह्यांनी १९९५ साली हा प्रोग्राम लिहिण्यास आरंभ केला, आणि डेबियनने पुढे तोच आपला नेहमीचा मेल प्रोग्राम म्हणून दीर्घकाळ ठेवला. तिसऱ्या आवृत्तीत पत्राचा मार्ग ठरविणारे घटक दोन वर्गांत विभागलेले होते : स्थानिक पत्त्यांसाठी ‘डायरेक्टर’ आणि परक्या पत्त्यांसाठी ‘राउटर’. २००२ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत पहिला वर्ग नाहीसा झाला. सर्व काम ‘राउटर’ करू लागले. संस्कृतातील द्विवचन प्राकृतात लोपले आणि त्याचा भार अनेकवचनाने उचलला, तशातला हा प्रकार. एखादा शब्द बदलला असता तर तो शोधून त्या जागी दुसरा लिहिता आला असता. येथे व्याकरणातील एक वर्गच गेला होता. त्यामुळे जुनी फाइल नव्या एक्झिमला वाचताच येईना. जुन्या फाइलचे रूपांतर करणारा एक छोटा प्रोग्राम एक्झिमबरोबर देण्यात आला. पण निघालेला मजकूर माणसाने तपासणे आवश्यकच होते. २००५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्ज’ ह्या डेबियन आवृत्तीत एक्झिमची चौथी पिढी नेहमीची झाली, तेव्हा अनेक सर्व्हर-व्यवस्थापकांना आपल्या फाइल मुळापासून समजून घ्याव्या लागल्या. माझ्या मते हा त्रास हितकारक होता. न कळलेली फाइल एक्झिम वगळीत नाही. चूक दाखवून काम करण्याचे नाकारतो. त्यामुळे बिघाड निदान दिसतो तरी.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र लिहिलेल्या शब्दांचा नाही. न लिहिलेल्या शब्दांचा आहे. कोणतीही कॉन्फिगरेशन फाइल पूर्ण नसते. शेकडो बाबींपैकी वीसपंचवीस लिहिलेल्या असतात, उरलेल्या अध्याहृत. त्यांचा अर्थ वाचकाने, म्हणजे प्रोग्रामने, आपल्या परंपरेप्रमाणे घ्यावयाचा असतो. इतिहाससंशोधकास ह्यातील धोका सांगावयास नको. ‘चैत्र वद्य पंचमी’ अशी तिथी मराठी कागदात आली तर महिना अमान्त धरावयाचा, हे कागदात लिहिलेले नसते. उत्तर हिंदुस्थानातील पूर्णिमान्त गणनेच्या सवयीने तोच मजकूर वाचला, तर घटना एक महिना अलीकडे सरकते. मजकुरातील एकही अक्षर बदललेले नाही. वाचकाची परंपरा बदलली.

वीत्से वेनेमा ह्यांनी आयबीएमच्या संशोधनकेंद्रात लिहिलेला आणि १९९८ च्या डिसेंबरमध्ये सर्वांसाठी खुला झालेला पोस्टफिक्स हा प्रोग्राम ह्या बाबतीत फार विचारपूर्वक वागला. २०१५ साली त्याची ३.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा काही अध्याहृत अर्थ बदलणे वेनेमा ह्यांस आवश्यक वाटले. एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पोस्टफिक्सच्या एका फाइलमध्ये, प्रत्येक उपप्रोग्रामने स्वतःस एका बंदिस्त निर्देशिकेत कोंडून घ्यावे की नाही, हे सांगणारा स्तंभ असतो. तेथे पुष्कळदा केवळ एक आडवी रेघ काढलेली असे. त्या रेघेचा अर्थ ३.० पूर्वी ‘होय’ असा होता, ३.० पासून ‘नाही’ असा झाला. भाषाशास्त्रातील शून्य प्रत्ययाचे मूल्य बदलावे, तसेच हे झाले. असा बदल गुपचूप केला असता तर नूतनीकरण झालेल्या सर्व्हरांचे वर्तन एका रात्रीत पालटले असते.

म्हणून वेनेमा ह्यांनी फाइलमध्ये एक नवा अंक लिहिण्याची सोय केली. तो अंक ही फाइल कोणत्या पिढीच्या परंपरेने वाचावी हे सांगतो. अंक लिहिलेलाच नसेल, तर फाइल जुनी आहे असे समजून पोस्टफिक्स अध्याहृत बाबी जुन्याच अर्थाने घेतो. इतकेच नव्हे, तर जेथे जेथे अशा जुन्या अर्थाचा प्रत्यक्ष उपयोग करण्याची वेळ येते, तेथे तशी नोंद आपल्या रोजनिशीत करतो. व्यवस्थापकाने त्या नोंदी काही दिवस वाचाव्यात, जे जुने अर्थ हवे असतील ते फाइलमध्ये शब्दांनी लिहावेत, आणि मग नवा अंक घालावा. ज्ञात असलेल्या सर्व उपायांत मला हा सर्वांत सुसंस्कृत वाटतो. वाचक येथे मजकुराच्या काळाचा आदर करतो आणि आपण तसे करीत आहोत हे सांगतोही.

ह्या सौजन्याला मर्यादा आहे, आणि ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूने येते. मेल प्रोग्राम आपल्या अध्याहृत अर्थांची काळजी घेईल. पण तो ज्या जमिनीवर उभा आहे तिचेही अध्याहृत अर्थ असतात. २०१९ च्या जुलैमध्ये आलेल्या डेबियन १० मध्ये, गुप्तसंदेशनाच्या ओपनएसएसएल ह्या ग्रंथालयाची किमान पातळी वाढवून टीएलएस १.२ करण्यात आली. मेलच्या फाइलमध्ये ह्याविषयी अवाक्षर नसले तरी, टीएलएस १.० एवढेच जाणणारी जुनी यंत्रे आणि जुने ईमेल वाचण्याचे प्रोग्राम ह्यांस दार बंद झाले. आवृत्तीसोबतच्या टिपणांत ही सूचना दिलेली होती. ती टिपणे नूतनीकरणापूर्वी आद्योपान्त वाचणे, हा ह्या कामाचा खरा पूर्वाभ्यास होय. आणि तोच बहुधा टाळला जातो.

साठविलेली पत्रे वाचकास पुरविणाऱ्या डव्हकॉट ह्या प्रोग्रामने पोस्टफिक्सच्या नेमकी उलट वाट धरली. टिमो सिराइनेन ह्यांच्या ह्या प्रोग्रामची २.४ ही आवृत्ती २०२५ च्या जानेवारीत निघाली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये ती समाविष्ट झाली. तिच्या फाइलची भाषा आधीच्या भाषेशी सुसंगत नाही. पत्रांचे स्थान सांगणारा एकच जुना शब्द गेला, त्याच्या जागी प्रकार आणि मार्ग वेगवेगळे लिहिण्याचे शब्द आले. एकाक्षरी संक्षेपांच्या जागी पूर्ण नावे आली. आणि फाइलची पहिलीच नोंद, ही फाइल कोणत्या आवृत्तीच्या भाषेत लिहिली आहे हे सांगणारी असली पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. ती नसेल तर डव्हकॉट सुरूच होत नाही. डेबियनच्या टिपणांत ह्याची स्पष्ट ताकीद आहे. पोस्टफिक्स कालनिर्देश नसलेला कागद जुना मानून वाचतो. डव्हकॉट तो वाचण्यासच नकार देतो. दुसरी रीत कठोर आहे, आणि ज्याला मध्यरात्री हा नकार पाहावा लागला त्याला ती निष्ठुरही वाटली असेल. पण तिने कोणाचे पत्र हरवत नाही.

हरवत नाही, असे खात्रीने म्हणता येते ते संकेतातील एका दूरदृष्टीमुळे. पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नसेल, तर पत्र परत न करता रांगेत ठेवावे आणि पुनःपुन्हा प्रयत्न करावा, असा नियम आहे. निदान चार ते पाच दिवस प्रयत्न सोडू नये, अशी शिफारस आहे. म्हणजे नूतनीकरणासाठी बंद ठेवलेला सर्व्हर सुरक्षित असतो. खरा धोका बंद सर्व्हरचा नसून अर्धवट उघड्या सर्व्हरचा असतो. उत्तराचा पहिला अंक ४ असेल तर अर्थ ‘सध्या नाही’; ५ असेल तर ‘कधीच नाही’. नूतनीकरणानंतर मेल प्रोग्राम सुरू झाला, पण सभासदांची यादी अद्याप जोडली गेली नाही, अशा क्षणी येणाऱ्या प्रत्येक पत्रास सर्व्हर ‘अशी व्यक्ती येथे नाही’ असे ५ अंकी उत्तर देतो, आणि पत्र कायमचे परत जाते. पोस्टफिक्समध्ये ह्यासाठी एक तात्पुरती सोय आहे. ती चालू असेतो सर्व ५ अंकी नकार ४ अंकी होतात. जुन्या अनुभवी व्यवस्थापकांची ही पहिली कृती असते. यंत्र बंद करण्याच्या आधी ते ती ओळ लिहितात, आणि सर्व काही तपासून झाल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी, पुसतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीने ह्या विवेचनात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ईमेलचा पत्ताच देवनागरीत लिहिता यावा ह्यासाठीचे संकेत २०१२ च्या फेब्रुवारीत निश्चित झाले, ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ साली वापरात आले. आणि पोस्टफिक्सने ह्या पत्त्यांस आधार दिला तो उपरोक्त ३.० ह्याच आवृत्तीत. असा पत्ता स्वीकारण्याची तयारी सर्व्हरने ‘एहलो’च्या उत्तरात एका शब्दाने जाहीर करावयाची असते. नव्याने बसविलेला पोस्टफिक्स सामान्यतः तो शब्द उच्चारतो. परंतु ज्या सर्व्हरची फाइल २०१५ पूर्वीची आहे, पायरीपायरीने नूतनीकरण होत आली आहे, आणि जिच्यात तो पिढीचा अंक कोणी लिहिलेला नाही, तेथे जुना अध्याहृत अर्थच लागू राहतो, आणि जुन्या अर्थाने ही सोय बंद असते. नियम पाळणारा पलीकडचा सर्व्हर मग देवनागरी पत्त्यावरून आलेले पत्र पुढे न देता पाठविणाऱ्याकडे परत करतो. ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत, मेल प्रोग्राम अद्ययावत, आणि तरीही मराठी पत्त्याचे पत्र दाराशी येऊन माघारी जाते. ज्या संस्थांचे सर्व्हर जुन्या काळापासून जतन होत आले आहेत, आणि त्यांत विद्यापीठांचा भरणा मोठा असणे संभवनीय आहे, त्यांच्या व्यवस्थापकांनी आपल्या फाइलमध्ये तो अंक आहे की नाही, हे एकदा पाहावे. नसेल, तर रोजनिशीतील नोंदी वाचून हवे ते जुने अर्थ शब्दांनी लिहावेत, अंक घालावा आणि पोस्टफिक्सला फाइल पुन्हा वाचावयास सांगावे. त्यासाठी यंत्र बंद करावे लागत नाही.